विश्लेषण : क्रुसेडमुळे ख्रिस्ती धर्म पसरला की आक्रसला? जेरुसलेमपासून ठाण्यापर्यंतचा इतिहास काय सांगतो?

२७ नोव्हेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे तुर्कीची राजधानी अंकारात उतरले. पोप झाल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच परदेश दौरा. दुसऱ्या दिवशी ते इझनिक या छोट्या गावात गेले. या गावाचं जुनं नाव नायसिया. १७०० वर्षांपूर्वी इथेच ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा शब्दांत मांडणारी पहिली मोठी धर्मपरिषद भरली होती. तळ्याकाठच्या जुन्या चर्चच्या अवशेषांजवळ पोप आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे प्रमुख धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी एकत्र प्रार्थना केली. त्यानंतर पोप लेबनॉनला गेले.

आता एक योगायोग बघा. बरोबर ९३० वर्षांपूर्वी, २७ नोव्हेंबर १०९५ ला, पोप अर्बन दुसरे यांनी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे एक भाषण केलं. त्या भाषणातून क्रुसेड नावाची युद्धं सुरू झाली. त्या युद्धासाठी निघालेल्या फौजांनी १०९७ मध्ये याच नायसियाला वेढा घातला होता.

इकडे अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या दंडावर 'देउस वुल्त' असं गोंदवलेलं आहे. 'ही देवाची इच्छा आहे' असा या लॅटिन शब्दांचा अर्थ. पहिल्या क्रुसेडची ही घोषणा मानली जाते. त्यांच्या छातीवर जेरुसलेमचा क्रूस आहे आणि २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव आहे 'अमेरिकन क्रुसेड'. जानेवारी २०२५ मध्ये सिनेटमध्ये त्यांच्या नावावर ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मतावर ते मंत्री झाले. त्या वेळी या टॅटूंची बरीच चर्चा झाली.

क्रुसेड म्हटलं की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, या युद्धांनी ख्रिस्ती धर्म वाचवला. दुसरं, ख्रिस्ती धर्म जगभर पसरला तो याच तलवारीच्या जोरावर. दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे क्रुसेडचा ख्रिस्ती धर्माला फायदा झाला. तसं खरंच झालं का? समजून घेऊया.

क्रुसेड म्हणजे नेमकं काय?

मराठीत क्रुसेडला सर्रास 'धर्मयुद्ध' म्हणतात. पण महाभारतामुळे आपल्याकडे धर्मयुद्ध या शब्दाला नियम पाळून, न्यायासाठी लढलेलं युद्ध असा अर्थ आहे. क्रुसेड म्हणजे पोपनी पुकारलेलं युद्ध. त्यात जो जाईल त्याला पापांच्या प्रायश्चित्तातून सूट मिळायची. जाणारा माणूस नवस बोलायचा आणि कपड्यांवर कापडी क्रूस शिवून घ्यायचा. त्यामुळे या लेखात आपण क्रुसेड हाच शब्द वापरू.

याची सुरुवात मदतीच्या एका विनंतीपासून झाली. आजच्या तुर्कीत तेव्हा बायझंटाइन साम्राज्य होतं. हे ग्रीक बोलणारे, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक. त्यांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. १०७१ मध्ये मंझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटाचा पराभव केला आणि साम्राज्याचा मोठा मुलूख हातचा जाऊ लागला. पुढे सम्राट अलेक्सियस यांनी १०९५ मध्ये पोपकडे मदत मागितली. त्यांना हवे होते काही भाडोत्री लढवय्ये. प्रत्यक्षात निघाला हजारो लोकांचा लोंढा, आणि त्याला जायचं होतं जेरुसलेमला.

पोप अर्बन यांच्या भाषणाची जी वर्णनं आज वाचायला मिळतात, ती नंतर लिहिली गेली आणि ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पण मुस्लिमांना ख्रिस्ती करणं हा मोहिमेचा हेतू होता, असं त्यांत दिसत नाही. हेतू दोन होते : पूर्वेकडच्या ख्रिश्चनांना मदत करणं आणि येशूच्या कबरीचं शहर ताब्यात घेणं.

सक्तीच्या धर्मांतराचे पहिले बळी ठरले युरोपातलेच ज्यू. १०९६ मध्ये जेरुसलेमकडे निघालेल्या काही टोळ्यांनी आजच्या जर्मनीतल्या वर्म्स आणि माइन्त्स या शहरांत ज्यूंसमोर 'बाप्तिस्मा की मरण' असा पर्याय ठेवला. शेकडो लोक मारले गेले, अनेकांनी स्वतःच जीव दिला.

१५ जुलै १०९९ ला क्रुसेडर जेरुसलेममध्ये शिरले. शहरातल्या मुस्लिमांची आणि ज्यूंची मोठी कत्तल झाली.

जेरुसलेम जिंकल्यावर किती लोक ख्रिस्ती झाले?

उत्तर आहे, फारच थोडे.

क्रुसेडरांनी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर चार राज्यं उभी केली : एडेसा, अँटिओक, जेरुसलेम आणि त्रिपोली. यातली काही जवळपास दोनशे वर्षं टिकली. अरब या लोकांना 'फ्रँक' या शब्दावरून 'इफ्रंज' म्हणायचे. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे 'फिरंगी' म्हणून आला.

या राज्यांमध्ये फिरंगी कायम अल्पसंख्य होते. शेती करणारे मुस्लिम आणि स्थानिक ख्रिस्ती होते, आणि त्यांच्याशिवाय महसूल मिळणार नव्हता. स्पेनमधून आलेला मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये या भागातून गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले मुस्लिम शेतकरी अर्धं पीक आणि डोईपट्टी देतात, बाकी त्यांची घरंदारं त्यांच्याच ताब्यात आहेत. शेजारच्या मुस्लिम राज्यातल्या जमीनदारांपेक्षा फिरंगी बरे वागतात, याचं त्याला वाईटही वाटलं.

त्याहून बोलकी गोष्ट गुलामांची आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणे एखाद्या मुस्लिम गुलामाने बाप्तिस्मा घेतला, तर त्याला मुक्त करावं लागायचं. त्यामुळे मालकच बाप्तिस्म्याला आडवे येऊ लागले. अक्का शहराचे बिशप जाक द विट्री यांनी याबद्दल तक्रार केली आहे. शेवटी १२३७ मध्ये पोप ग्रेगरी नववे यांना कळवावं लागलं की गुलामांना बाप्तिस्मा घेऊ द्या, त्याने त्यांची गुलामी संपणार नाही. ज्या राज्याची स्थापनाच क्रुसाच्या नावाने झाली होती, तिथे ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्या माणसाला अडवणारा मालकही ख्रिस्तीच होता. मजूर हातचा जाण्याची भीती धर्मप्रसारापेक्षा मोठी ठरली.

काही धर्मांतरं झाली, दोन्ही बाजूंनी झाली. पण मोठा समाज ख्रिस्ती झाला, असं या भागात घडलं नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. ११८७ मध्ये सलाउद्दीनने हत्तीनच्या लढाईत क्रुसेडरांना हरवून जेरुसलेम परत घेतलं. १२२९ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरे यांनी सुलतानाशी तह करून, लढाई न करता जेरुसलेम मिळवलं. गंमत म्हणजे तेव्हा पोपनी त्यांना चर्चमधून बहिष्कृत केलेलं होतं. १२४४ मध्ये शहर पुन्हा गेलं. १२९१ मध्ये अक्का पडलं आणि मुख्य भूमीवरचा क्रुसेडरांचा शेवटचा मोठा तळ संपला. ज्या चर्चव्यवस्थेला राजाच्या फौजेचा आधार होता, ती फौजेबरोबरच गेली.

मदतीला निघालेल्यांनी कॉन्स्टँटिनोपलच का लुटलं?

क्रुसेडचा सगळ्यात खोल घाव बसला तो ख्रिश्चनांवरच.

रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात १०५४ पासूनच फूट होती. पण ती मुख्यतः धर्मगुरूंमधली होती. सामान्य माणसाच्या मनात ती पक्की केली चौथ्या क्रुसेडने, आणि त्याचं कारण होतं कर्ज.

१२०१ मध्ये क्रुसेडच्या पुढाऱ्यांनी व्हेनिसशी करार केला. ३३,५०० लोकांसाठी जहाजं आणि रसद, बदल्यात ८५,००० मार्क चांदी. प्रत्यक्षात जेमतेम एक तृतीयांश लोक जमले. पैसे अपुरे पडले, व्हेनिसने तर जहाजं बांधून ठेवलेली. मग कर्जाची मुदत वाढवून मिळावी म्हणून क्रुसेडरांनी व्हेनिसच्या सांगण्यावरून झारा हे शहर जिंकून दिलं. झारा कॅथलिक होतं. पोप इनोसंट तिसरे यांनी मनाई केली होती, तरी हे घडलं.

तेवढ्यात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर हक्क सांगणारा एक राजपुत्र आला. मला गादी मिळवून द्या, मी दोन लाख मार्क देतो आणि आमचं चर्च रोमच्या आज्ञेत आणतो, असं त्याने कबूल केलं. त्याला गादी मिळाली, पण तो पैसे देऊ शकला नाही. पुढे त्याचा खूनही झाला. एप्रिल १२०४ मध्ये क्रुसेडर शहरात घुसले. तीन दिवस लूट चालली. चर्चमधली सोन्याचांदीची भांडी आणि संतांचे अवशेषही सुटले नाहीत. तिथून नेलेले ब्राँझचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत.

बायझंटाइनांनी १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली, पण साम्राज्य पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. १२७४ आणि १४३९ मध्ये दोन्ही चर्च एक करण्याचे करार झाले. सामान्य ऑर्थोडॉक्स लोकांनी ते मानले नाहीत. १४५३ मध्ये ऑटोमन सुलतान मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. या पतनाला इतरही कारणं होती. पण ज्या साम्राज्याच्या मदतीसाठी १०९५ मध्ये हाक दिली गेली, त्याचा कणा क्रुसेडरांनीच मोडला होता.

मे २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अथेन्समध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्या वेळी आठशे वर्षं होत आली होती. इझनिकमध्ये लिओ आणि बार्थोलोम्यू शेजारी उभे राहिले, त्या दृश्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पूर्वेकडच्या स्थानिक ख्रिश्चनांचं काय झालं?

क्रुसेडर आले तेव्हा सीरिया, पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये ख्रिश्चनांची वस्ती मोठी होती. ते अरबी, सिरियाक, आर्मेनियन, कॉप्टिक बोलणारे होते. त्यांची चर्च रोमपेक्षा वेगळी होती. मुस्लिम राजवटीत त्यांना वेगळा कर होता, कमी दर्जा होता, पण त्यांच्या प्रार्थना आणि त्यांची गावं शिल्लक होती.

क्रुसेडरांनी जेरुसलेम आणि अँटिओकमध्ये ऑर्थोडॉक्स प्रमुखांच्या जागी आपले लॅटिन प्रमुख बसवले. स्थानिक ख्रिस्ती दुय्यमच राहिले. पुढे फिरंगी गेले आणि मागे राहिलेल्यांवर संशयाची सावली पडली. १२६८ मध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्सने अँटिओक जिंकलं तेव्हा प्रचंड कत्तल झाली. ज्या शहरात 'ख्रिश्चन' हे नाव पहिल्यांदा वापरलं गेलं असं बायबल सांगतं, ते हे शहर. त्यानंतर ते कधीच सावरलं नाही. चौदाव्या शतकात इजिप्तमध्ये चर्चवर हल्ले झाले, चर्चच्या जमिनी जप्त झाल्या आणि अनेक कॉप्टिक ख्रिश्चनांनी धर्म बदलला. मामलुक राजकारण, कर आणि प्लेगसारखी संकटं हीसुद्धा त्यामागची कारणं होती. पण बाहेरून आलेल्या शत्रूचा धर्म आणि आपला धर्म एकच, ही गोष्ट स्थानिक ख्रिश्चनांना महागात पडली, असं अनेक इतिहासकार मानतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे लेबनॉनच्या डोंगरातल्या मॅरोनाइट समाजाचा. हा समाज ११८२ च्या सुमारास रोमशी जोडला गेला आणि ते नातं टिकलं. लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन असतो, असा तिथे १९४३ पासूनचा संकेत आहे. पोप लिओ दौऱ्यात मॅरोनाइट संत शार्बेल यांच्या समाधीवर गेले, तेही याच नात्यामुळे. पण इथेही मुस्लिमांचं धर्मांतर झालं नव्हतं. आधीपासून ख्रिस्ती असलेला समाज रोमच्या छत्राखाली आला, एवढंच.

मग तलवारीने धर्म पसरलाच नाही का?

पसरला. त्यासाठी युरोपच्या उत्तरेकडे जावं लागेल.

बाल्टिक समुद्राच्या काठी, म्हणजे आजच्या लॅटव्हिया, एस्टोनिया, लिथुआनिया आणि ईशान्य पोलंडच्या भागात, बाराव्या शतकापर्यंत स्वतःच्या देवदेवता मानणारे लोक राहत होते. तिथे आधी धर्मोपदेशक गेले. काही लोकांनी बाप्तिस्मा घेतला आणि उपदेशकांची पाठ वळताच दौगावा नदीत अंघोळ करून तो 'धुऊन' टाकला, असं तेव्हाच्या बखरीत लिहिलं आहे. त्यानंतर उपदेशकांसोबत फौजा येऊ लागल्या. बिशप आल्बर्ट यांनी १२०१ मध्ये रिगा शहर वसवलं आणि लढवय्या धर्मसैनिकांची संघटनाही उभी राहिली. पोपनी या मोहिमांना क्रुसेडचा दर्जा दिला.

प्रशियात ट्युटॉनिक नाइट्स आले. ही संघटना मुळात पॅलेस्टाइनमधल्या अक्कामध्ये जखमी आणि आजारी क्रुसेडरांच्या सेवेसाठी सुरू झाली होती. प्रशियन लोकांनी १२६० ते १२७४ अशी चौदा वर्षं मोठं बंड केलं. ते मोडून काढण्यात आलं. जर्मन शेतकरी आणि व्यापारी वसवले गेले. प्रशियन भाषेत १५४५ मध्ये धर्मशिक्षणाचं छोटं पुस्तक छापलं गेलं खरं, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषाच मेली. 'प्रशिया' हे नाव तेवढं उरलं, तेही जिंकणाऱ्यांच्या वंशजांचं झालं.

म्हणजे इथे क्रुसेडमुळे ख्रिस्ती धर्म पसरला आणि टिकला. जेरुसलेममध्ये जे नव्हतं ते इथे होतं : शेकडो वर्षं टिकलेली सत्ता, बाहेरून आणून वसवलेली माणसं आणि समोर मोठ्या साम्राज्याचा अभाव. त्याची किंमत एका अख्ख्या समाजाने मोजली.

लिथुआनिया दोनशे वर्षं का झुकला नाही?

शेजारच्या लिथुआनियाने मात्र क्रुसेडरांना दाद दिली नाही. युरोपातलं हे शेवटचं बिगर-ख्रिस्ती राज्य. तेराव्या शतकात त्यांचा राजा मिंडौगसने राजकीय सोयीसाठी बाप्तिस्मा घेतला होता, पण देश बदलला नाही. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं नाइट्स जवळपास दरवर्षी चढाया करत राहिले.

शेवटी लिथुआनिया ख्रिस्ती झाला तो एका लग्नामुळे. १३८६ मध्ये तिथला राजा योगायला याने बाप्तिस्मा घेतला, पोलंडची राणी याड्विगाशी लग्न केलं आणि तो पोलंडचाही राजा झाला. १३८७ मध्ये लिथुआनियात अधिकृतपणे ख्रिस्ती धर्म आला.

मग आता क्रुसेड थांबायला हवं होतं. थांबलं नाही. १३९० मध्ये इंग्लंडचा भावी राजा चौथा हेन्री ट्युटॉनिक नाइट्ससोबत विल्नियसवर चाल करून गेला. ते शहर तेव्हा ख्रिस्ती राजाचं होतं. धर्मांतर हे कारण संपलं तरी जमीन, लूट आणि प्रतिष्ठा ही कारणं शिल्लक होती. १५ जुलै १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी नाइट्सचा कणा मोडला. काही वर्षांनी कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत क्राकोवचे विद्वान पावेल व्लोडकोविट्स यांनी बाजू मांडली की बिगर-ख्रिस्ती लोकांनाही त्यांच्या जमिनीवर आणि राज्यावर हक्क असतो, आणि बळजबरीने केलेलं धर्मांतर योग्य नाही. सहाशे वर्षांपूर्वी, चर्चच्याच व्यासपीठावर, हे बोललं गेलं होतं.

याचा गोव्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि तो पोर्तुगालमार्गे येतो.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती राजे मुस्लिम राज्यांशी शतकानुशतकं लढत होते. पोपनी या लढायांनाही क्रुसेडसारखीच सूट दिली होती. ११४७ मध्ये लिस्बन जिंकलं गेलं ते जेरुसलेमकडे निघालेल्या, वाटेत थांबलेल्या क्रुसेडरांच्या मदतीने. १४९२ मध्ये स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रॅनडा पडलं. त्याच वर्षी ज्यूंना हाकललं गेलं आणि पुढे मुस्लिमांवर बाप्तिस्म्याची सक्ती झाली. तरीही त्यांच्यावर विश्वास बसला नाही. १६०९ ते १६१४ या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या मुस्लिमांच्या सुमारे तीन लाख वंशजांना देशाबाहेर काढण्यात आलं.

क्रुसेडच्या काळातली 'टेंपलर' ही लढवय्या धर्मसंघटना १३१२ मध्ये बरखास्त झाली. पोर्तुगालच्या राजाने तिची मालमत्ता वापरून १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' उभी केली. पुढे याच संघटनेच्या पैशावर पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकली. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी एका फर्मानाने पोर्तुगालला नव्या प्रदेशांवर हक्क दिले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तेव्हा शिडांवर याच संघटनेचा क्रूस होता. त्याच्या माणसांनी तिथलं मंदिर चर्च समजून तिथे प्रार्थनाही केली!

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तालुक्यांत मंदिरं पाडली गेली, अनेक कुटुंबं देव घेऊन खाडीपलीकडे गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला तो याच काळात. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं.

आणि पुन्हा तेच घडलं. केरळात पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती समाज होता, संत थॉमसचा वारसा सांगणारा, सिरियाक भाषेत प्रार्थना करणारा. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या धर्मसभेत पोर्तुगीजांनी त्यांच्यावर रोमच्या रीती लादल्या. १६५३ मध्ये मट्टनचेरीला हजारो लोकांनी क्रुसाच्या साक्षीने शपथ घेतली की हे आम्ही मानणार नाही. तो समाज दुभंगला आणि ती फूट आजही आहे.

३० मार्च २०२३ ला व्हॅटिकनने जाहीर केलं की १४५५ च्या फर्मानासारख्या दस्तऐवजांवर उभा राहिलेला, जमिनीवर हक्क सांगणारा सिद्धांत चर्चच्या शिकवणुकीचा भाग नाही.

तलवारीशिवाय दुसरा मार्ग होता का?

होता, आणि तो क्रुसेड चालू असतानाच निघाला.

१२१९ मध्ये क्रुसेडर इजिप्तमधल्या दमिएत्ता शहराला वेढा घालून बसले होते. तेव्हा असिसीचे फ्रान्सिस निःशस्त्र शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. सुलतानाने धर्म बदलला नाही. फ्रान्सिसना त्याने सुखरूप परत पाठवलं. फ्रान्सिसच्या अनुयायांचं काम मात्र तिथे चालू राहिलं. १३४२ मध्ये पोपनी जेरुसलेममधल्या पवित्र स्थळांची कॅथलिकांच्या वतीने देखभाल त्यांच्याकडे दिली. मामलुक गेले, ऑटोमन गेले, ब्रिटिश गेले, फ्रान्सिस्कन संन्यासी आजही तिथे आहेत. हेगसेथ यांच्या छातीवर असलेला जेरुसलेमचा क्रूस त्यांच्याही बोधचिन्हात आहे.

या मार्गातही सगळं गोड नव्हतं. याची एक साक्ष आपल्या ठाण्यात आहे. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाणे बंदरात उतरले. तिथे सिरियाक परंपरेतली ख्रिस्ती कुटुंबं आधीपासून राहत होती, त्यांच्याच घरी ते थांबले. पुढे काझीसमोर धर्माविषयी वाद झाला, त्यांनी पैगंबरांबद्दल अपमानास्पद बोलल्याचं सांगतात, आणि त्यांना ठार मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा गावाबाहेर होता म्हणून वाचला. पुढे तो केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमला गेला.

आणखी एक उदाहरण वसईचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज तिथून गेले. जेरुसलेमच्या हिशेबाने तिथला ख्रिस्ती धर्मही जायला हवा होता. तो गेला नाही. दोनशे वर्षांत तो तिथल्या शेतीवाडीत, सामवेदी आणि वाडवळीसारख्या बोलींत मिसळला होता. त्याआधी १६१६ मध्येच फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत छापलं गेलं होतं. इथे धर्म आला तेव्हा सत्तेचा धाक होता, हे नाकारता येत नाही. पण सत्ता गेल्यावर तो टिकला, याचं मोठं कारण तो इथल्या भाषेत आणि घरांत मुरला होता.

आज हे समजून घेणं का गरजेचं?

क्रुसेडचं नाव आजही वापरलं जातं. १९९८ मध्ये ओसामा बिन लादेनने 'ज्यू आणि क्रुसेडर' यांच्याविरुद्ध जिहादची घोषणा केली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईसाठी 'क्रुसेड' हा शब्द उच्चारला आणि मग सारवासारव करावी लागली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने आपल्या बंदुकांवर क्रुसेडच्या लढायांची नावं लिहिली होती. हे लोक एकमेकांचे शत्रू असले, तरी इतिहासाचं चित्र दोन्हीकडे सारखंच आहे : एका बाजूला अखंड ख्रिस्ती जग, दुसऱ्या बाजूला अखंड मुस्लिम जग.

प्रत्यक्षात असं अखंड काहीच नव्हतं. कॅथलिकांनी ऑर्थोडॉक्स शहर लुटलं, ख्रिस्ती मालकांनी गुलामांचा बाप्तिस्मा अडवला, ख्रिस्ती झालेल्या लिथुआनियावर ख्रिस्ती नाइट चालून गेले.

पूर्वेत क्रुसेडमुळे ख्रिस्ती धर्म वाढला नाही. तो दुभंगला आणि दुबळा झाला. बाल्टिकमध्ये आणि स्पेनमध्ये तो वाढला, पण तिथे माणसं आणि भाषा पुसल्या गेल्या. आणि जिथे बाहेरून क्रूस घेऊन फौज आली, तिथे नंतरची किंमत बहुतेक वेळा आधीपासून तिथे राहणाऱ्या साध्या लोकांनी मोजली. त्यांत ख्रिस्तीही होते. अँटिओकचे होते, कॉन्स्टँटिनोपलचे होते, केरळचे होते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'आपल्या धर्मासाठी युद्ध' असं म्हणेल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा. फौजा परत गेल्यावर मागे कोण राहणार आहे, आणि शेजाऱ्यांच्या नजरेत तो कोण ठरणार आहे?